देहशुद्धीचा चातुर्मास

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की महाराष्ट्रातील घरोघरी दोन ओढी एकाच वेळी जाणवू लागतात. एक ओढ पंढरीची. ज्यांना वारी घडली त्यांची पावले चंद्रभागेच्या वाळवंटी विसावतात आणि ज्यांना घडली नाही त्यांची मने तेथे जाऊन पोहोचतात. दुसरी ओढ स्वयंपाकघरातील. दशमीच्या रात्री साबुदाणा भिजत पडतो, शेंगदाणे भाजून कुटले जातात आणि बटाट्यांचे कुकर चढतात. देवशयनीपासून कार्तिकातील प्रबोधिनीपर्यंतचे हे चार महिने व्रतनियमांचे. दोनच दिवस आधी कांदेनवमी साजरी करून कांदा, लसूण आणि वांगे यांना निरोप दिलेला असतो. या नियमांनी देह शुद्ध होतो, अग्नी प्रदीप्त होतो, असे आपण मुलानातवंडांना मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु देहशुद्धीचा तो मूळ हेतू आपल्या आचरणात कितपत उरला आहे, याचा विचार या पर्वाच्या निमित्ताने करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

चातुर्मासाची आखणी वैद्यांनी केली, असा दावा आम्ही करणार नाही. व्रत हे प्रथमतः परमेश्वरासाठी असते. तथापि ज्या ऋतूत ही व्रते दाटीने येतात, त्या ऋतूविषयी आयुर्वेद काय सांगतो ते पाहण्याजोगे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली असून वर्षाऋतूत जठराग्नी दुर्बल होतो, असा तिचा निर्वाळा आहे. गढूळ पाणी, चिखलात वाढलेला भाजीपाला, ओलसर हवेत लवकर नासणारे अन्न आणि पावसामुळे घटलेली हालचाल, हे सारे लक्षात घेता या काळात जेवणाला आवर घालावा, हलके व ताजे खावे, हा विचार आजही पटण्यासारखा आहे. आपल्या पूर्वजांजवळ शीतकपाट नव्हते. संयम मात्र होता.

लंघन म्हणजे केवळ उपाशी राहणे नव्हे

त्याच सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. वमन, विरेचन, निरूह बस्ती आणि नस्य ही चार शोधनकर्मे. शिवाय तहान सोसणे, वारा, ऊन, पाचन द्रव्ये, उपवास आणि व्यायाम. दहांपैकी उपवास हा एक. ज्याने शरीराला लाघव येते, हलकेपणा येतो, ते लंघन, अशी ही व्यापक कल्पना आहे. या दृष्टीने पाहता आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट ऊन, वारा, पाऊस झेलीत चालणारा वारकरी एकाच वेळी किती प्रकारचे लंघन करीत असतो! मिळेल ती भाजीभाकरी खायची, दिवस उजाडण्यापूर्वी उठायचे, मुखी नाम आणि पायी चाल. देहशुद्धीसाठी याहून सोपा आणि याहून अवघड उपाय कोणता सांगावा?

आणि चरकाची थोरवी अशी की, त्याच अध्यायात लंघनाच्या शेजारीच त्याने बृंहणही सांगितले आहे. ज्याच्या देहात साठा फार झाला, त्याला लंघन. ज्याचा देह झिजला, त्याला बृंहण, म्हणजे पोषण. सर्वांना एकच नियम लावू नये, माणूस पाहून उपाय योजावा, हा या शास्त्राचा गाभा आहे. आमच्या आजच्या सांगण्याचे सारही तेच आहे.

एकादशी आणि दुप्पट खाशी

आपल्या भाषेने ही विसंगती फार पूर्वीच हेरून ठेवली आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही परक्यांनी केलेली नाही. ती आपल्याच माजघरातून आलेली आहे. उपवासाच्या ताटाकडे जरा तटस्थपणे पाहावे. तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, वर दाण्याचा लाडू आणि दुपारी पुन्हा वेफर्स. शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा, चाळीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि तीन चमचे तूप एवढ्याचा हिशेब केला, तरी तो सातशे कॅलरींच्या घरात जातो. नेहमीच्या जेवणातील ज्वारीच्या दोन बेताच्या भाकऱ्या त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतात. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. त्यात प्रथिने नाममात्र आणि चोथा नाहीच म्हणावा असा. म्हणजे ज्या दिवशी पोटाला विसावा द्यायचा, त्याच दिवशी आपण त्याच्यावर सर्वांत जड ओझे लादतो आणि संध्याकाळी आम्लपित्ताने छातीत जळजळ सुरू झाली की उपवासाला बोल लावतो.

या ताटाचा इतिहासही मनोरंजक आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सारे मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्याला लागले आणि त्यानंतर हळूहळू यांतील बहुतेक पिके आपल्याकडे रुजली. साबुदाण्याचे कारखाने तर तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, परदेशी साबुदाण्याची आवक थांबल्यावर उभे राहिले. चरकाने किंवा व्रतांचे नियम बांधणाऱ्या जुन्या स्मृतिकारांनी यांपैकी काहीच पाहिलेले नव्हते. म्हणून हे पदार्थ निषिद्ध ठरतात, असे आमचे म्हणणे नाही. धान्य नाही एवढ्या एका कारणाने त्यांना उपवासात प्रवेश मिळाला आणि कालांतराने तेच उपवासाचे रूप होऊन बसले. जी रूढी तीन-चारशे वर्षांत घडली, ती आपल्या पिढीने थोडी सुधारून घेतली तर धर्म बुडत नाही.

उलट वरी, शिंगाडा, सुरण, केळी, ताक, दूध, काकडी ही आपल्या मातीतील सामग्री आजही हाताशी आहे. वरीचे तांदूळ म्हणजे भगर हे एक भरडधान्यच. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष ज्या भरडधान्यांचे म्हणून पाळले, त्या कुळातील. मात्र भगरीबाबत एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ओलसर जागी ठेवलेल्या भगरीला आणि विशेषतः तिच्या सुट्या पिठाला बुरशी धरते, आणि आषाढी, नवरात्र किंवा महाशिवरात्रीच्या सुमारास भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या वारंवार वाचावयास मिळतात. भगर बंद पाकिटातील व ताजी घ्यावी, निवडून, स्वच्छ धुऊन वापरावी आणि पीठ लागेल तेवढेच घरी दळावे. व्रताच्या दिवशी इस्पितळाची वाट धरावी लागणे, ही देहशुद्धी नव्हे.

शुद्धी कोण करतो?

अलीकडे देहशुद्धी हा शब्द मंदिरातून बाजारात आला आहे. ‘शरीरातील विषे बाहेर काढणारे’ चहा, चूर्णे, रस आणि गोळ्या यांच्या जाहिराती सणासुदीला तर फारच फोफावतात. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. परमेश्वराने या देहमंदिरात झाडलोट करणारे सेवक आधीच नेमून ठेवले आहेत. सुमारे दीड किलो वजनाचे यकृत रक्तातील घातक द्रव्यांचे अहोरात्र रूपांतर करीत असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता बाकी सारा शरीराला परत करतात. फुप्फुसे आणि आतडी आपापले काम निमूटपणे करीतच असतात. त्यांना बाहेरच्या चूर्णाची गरज नसते. त्यांना हवे असते पुरेसे पाणी, चोथायुक्त अन्न, बेताचे मीठ, पुरेशी झोप आणि मद्य व तंबाखू यांपासून सुटका. झाडणाऱ्याच्या हाती नवा झाडू देण्याची घाई करण्यापेक्षा आपण कचरा टाकणे कमी करावे, एवढेच हे शहाणपण आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दावर आंधळा विश्वास टाकण्यातही धोका आहे. सकाळी दुध्याचा रस पिण्याची चाल अनेक घरांत आहे. दुधी कडू निघाला, तर तो रस विषारी ठरू शकतो. त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावल्याचीही उदाहरणे घडली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास केला आणि २०१२ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. कडू लागलेला रस तत्काळ टाकून द्यावा आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी वा अस्वस्थता वाटल्यास विनाविलंब इस्पितळ गाठावे, असा त्याचा सांगावा आहे. ‘कडू म्हणजे गुणकारी’ ही आपली समजूत येथे जिवावर बेतते. तीच गोष्ट पंचकर्माची. वमन-विरेचनादी कर्मे चरकाने रुग्णाचे बल, वय, ऋतू पाहून वैद्याने करावयाची म्हणून सांगितली आहेत. जाहिरात वाचून परस्पर रेचके घेण्याला त्याच्या ग्रंथात आधार नाही.

उपवासाच्या समर्थनासाठी आजकाल नोबेल पारितोषिकाचा दाखला दिला जातो. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, हे खरे; पेशी आपल्याच जीर्ण भागांचे विघटन करून त्यांचा पुन्हा कसा वापर करते, याचा उलगडा त्यांनी केला. पण त्यांचे मूळ प्रयोग किण्वाच्या पेशींवर होते. त्यावरून पंधरा दिवसांतून एक एकादशी केल्याने सर्व रोग जातात, असा निष्कर्ष काढणे विज्ञानालाही अन्यायकारक आणि धर्मालाही. व्रताला असल्या उसन्या प्रमाणपत्राची गरज नाही.

मात्रेचे व्रत

खरी शुद्धी मात्रेत आहे. चरकाने विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत: एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वात-पित्त-कफांच्या संचाराला मोकळा. वाग्भटाने चार भाग करून दोन अन्नाला, एक द्रवाला व एक वायूला दिला. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अती खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. आणि सतराव्या अध्यायात शास्त्राला सोडून, दंभाने देहाला पीडा देणाऱ्यांचा निश्चय आसुरी ठरविला आहे. तप म्हणजे देहाचा छळ नव्हे, हे सांगायला याहून मोठा अधिकार कोणाचा हवा?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे असल्याचा अंदाज त्यात दिला असून, ताटाचा जवळपास निम्मा भाग भाज्या व फळांचा असावा असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खाण्यास सांगते; म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यातच लोणचे, पापड, चिवडा सारे आले.

हे सारे ऐकून परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या ऋषिपंचमीची भाजी आठवावी. अळू, लाल माठ, भोपळा, सुरण, दोडका, पडवळ, भेंडी, मक्याचे कणीस, वर थोडी चिंच. बैलाच्या श्रमाचे काही नको, तेल असलेच तर नावापुरते, मसाला जवळजवळ नाहीच. पोषणतज्ज्ञाने ताट आखावे तसे ते ताट आजीने आखून ठेवले आहे. वर्षातून एकदाच होणारी ही भाजी चातुर्मासात आठवड्यातून एकदा का होऊ नये? नुसत्या एकभुक्ताचेही तसेच. एक वेळ पोटभर पण साधे जेवावे आणि दुसरी वेळ मोकळी सोडावी, ही जुनी रीत वडा-खिचडीच्या उपवासाहून किती तरी शुद्ध आहे.

औषधाने व्रत मोडत नाही

आता एका कळीच्या गोष्टीकडे वळतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या कुटुंबात एखादा तरी मधुमेही उपवासाला बसतो, असे समजण्यास हरकत नाही. यांतील अनेक जण दोन टोकांच्या चुका करतात. कोणी उपवास म्हणून गोळी वा इन्शुलिन परस्पर बंद करतो आणि साबुदाणा खाऊन रक्तशर्करा भडकवून घेतो. कोणी गोळी घेतो, पण खात काहीच नाही. मग घाम सुटतो, हातपाय कापतात, बोलणे असंबद्ध होते. ही शर्करा उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तत्काळ साखर किंवा साखरेचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांना गाठावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट इस्पितळात न्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळ्याचे पाणी, केळी, बटाटा हे ‘सात्त्विक’ पदार्थही विचारूनच घ्यावेत, कारण त्यांतील पोटॅशियम त्यांना अपाय करू शकते. उपवास करावयाचाच असेल, तर चार दिवस आधी डॉक्टरांचा सल्ला घेऊन औषधांच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात.

आणि येथे धर्मशास्त्र आपल्या बाजूने उभे आहे. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला धर्मसिंधु आठ वर्षांच्या आतील बालकांवर व ऐंशीच्या पुढील वृद्धांवर एकादशीचा भार टाकीत नाही. अशक्तांना नक्त, फळे, दूध असे सोपे पर्याय देतो. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही म्हणून धर्मग्रंथांत सांगितले आहे, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे व दूध आहेत, गुरूंची आज्ञा आहे आणि औषधही आहे. ज्यांनी व्रते सांगितली, त्यांनीच ही दयाही सांगितली. आपण मात्र नियम घेतला आणि दया विसरलो.

जिच्या हाती व्रत, तिच्या ताटी काय?

या विस्मरणाची सर्वांत मोठी किंमत घरातील स्त्री मोजते. एकादशीला तिच्या शेगडीवर दोन स्वयंपाक होतात. उपवास करणाऱ्यांचा वेगळा, न करणाऱ्यांचा वेगळा. ती स्वतः मात्र निर्जळी, नाहीतर चहावर. द्वादशीला पहाटे उठून पारण्याचा स्वयंपाकही तिचाच. एकादशी, चतुर्थी, सोमवार, श्रावणातील शुक्रवार, नवरात्र असे मोजू लागले तर तिच्या उपवासांची गणती संपत नाही. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये दाखविले की, महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत. ज्या देहात रक्तच पुरेसे नाही, त्याचे आणखी काय शोधन करावयाचे? चरकाच्या भाषेत ही लंघनाची अधिकारी नव्हे. ही बृंहणाची अधिकारी आहे. तिच्यासाठी पोटभर वरण, पालेभाजी, उसळ, लिंबू, मूठभर तीळ आणि ताटावर वेळेवर बसणे हेच व्रत. गर्भिणी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांबद्दल तर दुमत नसावेच. सासूने सुनेला, मुलाने आईला आग्रहाने जेवू घालावे. त्या घासाचे पुण्य एकादशीहून उणे नाही, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

लंघनाचे खरे अधिकारी घरात दुसरे असतात. जेवण झाल्यावर पलंगावर लोळणारे, सायंकाळी भजी-फरसाण मागणारे, चार पावलांवरच्या दुकानालाही वाहनाने जाणारे. त्यांनी उपवास करावा, आणि त्या दिवशी घरच्या गृहिणीच्या शेगडीलाही उपवास घडेल असा करावा.

आणखी एक गोष्ट उच्चारल्यावाचून राहवत नाही. अन्नाचा कण न घेणारे कित्येक भाविक दिवसभर तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून असतात, कित्येक बायाबापड्या मिश्री लावतात, आणि याने उपवास मोडला असे कोणाच्या मनातही येत नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. वरीच्या दाण्यावर शास्त्रार्थ करणाऱ्या आपल्या समाजाने मुखाचा कर्करोग आणणाऱ्या या पदार्थाला व्रतात मुभा द्यावी, हे आश्चर्य आहे. कांदेनवमीला कांदा सोडता येतो, तर त्याच दिवशी तंबाखूची पुडी का सुटू नये? चार महिने जी सवय सुटली, ती कायमची सुटण्याची आशा मोठी असते.

संकल्प

चातुर्मासात प्रत्येकाने एखादा नेम करावा, अशी आपली परंपरा. कोणी मौन पाळतो, कोणी पोथी वाचतो, कोणी एखादा आवडता पदार्थ सोडतो. यंदाच्या नेमासाठी आम्ही काही सुचवू इच्छितो. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके घ्यावे. उपवासाच्या दिवशी तळण टाळावे. फळ, ताक, दूध, वरीची खिचडी यांवर दिवस काढावा आणि पाणी भरपूर प्यावे. साखर निम्मी करावी. रोज अर्धा तास चालावे. वारीला जाता आले नाही तर गावच्या विठ्ठलमंदिरापर्यंत तरी पायी जावे. वेळेवर निजावे, वेळेवर उठावे. आणि घरातील प्रत्येकाची प्रकृती पाहून ज्याला लंघन हवे त्याला लंघन, ज्याला पोषण हवे त्याला पोषण, असा निवाडा घरच्या वडीलधाऱ्यांनी करावा.

छांदोग्य उपनिषदात सनत्कुमारांनी नारदांना सांगितले की, आहार शुद्ध असला की अंतःकरण शुद्ध होते. तेथील आहार या शब्दाचा अर्थ करताना शंकराचार्यांनी तो केवळ अन्नापुरता ठेवला नाही. इंद्रिये जे जे आत घेतात ते सारे त्यांनी आहारातच गणले. कानांनी ऐकलेली निंदा, डोळ्यांनी पाहिलेला द्वेष, मनात साठवलेला राग, हेही न पचणारे अन्नच होय. ते सोडण्यासाठी तिथी पाहावी लागत नाही, आणि ते सोडल्याने कोणाची प्रकृती बिघडल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

उपवास म्हणजे जवळ जाऊन राहणे. विटेवर उभ्या असलेल्या त्या सावळ्या परब्रह्माजवळ राहावयाचे, तर हलक्या देहाने आणि हलक्या मनाने राहावे. या आषाढीला आमच्या सर्व वाचकांच्या घरी असाच उपवास घडो, आणि कार्तिकीला देव जागे होतील तेव्हा त्यांना आपली घरे निरोगी व प्रसन्न दिसोत, हीच पांडुरंगाचरणी प्रार्थना.